पैसे मोजून पाहुणे होताना

मे महिन्याची सुट्टी लागली, नाताळनंतरचा आठवडा आला किंवा शनिवार-रविवारला जोडून एखादी रजा मिळाली की आपली कुटुंबे प्रवासाचे बेत आखू लागतात. पूर्वी मुक्कामाचे दोनच प्रकार आपल्याला ठाऊक होते. एक तर मामा-मावशीचे घर, नाहीतर लॉज. आता तिसरा प्रकार रूढ झाला आहे. कोकणात, गोव्यात किंवा थेट परदेशात कुणा अनोळखी कुटुंबाच्या घरातली खोली मोबाइलवर पाहायची, दोन-तीन रात्रींचे पैसे भरायचे आणि त्यांच्याकडे जाऊन राहायचे. असा मुक्काम पहिल्यांदाच ठरवणाऱ्यांच्या मनात अनेक शंका असतात. घर चांगले निघेल का? पैसे बुडणार तर नाहीत? तिथे गेल्यावर वागायचे कसे? या शंकांना व्यवहारी उत्तरे आहेत आणि ती पुढे येतीलच. परंतु त्यांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. पैसे मोजून दुसऱ्याच्या घरी राहणारा माणूस नेमका कोण? गिऱ्हाईक की पाहुणा?

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे पूर्वापार केली जाते. आजचा पाहुणा तर तिथी ठरवून, वेळ कळवून आणि पैसे आगाऊ भरून येतो. मग तो अतिथी कसला? दुसरीकडे, मुंबईच्या परिसरात 'पेइंग गेस्ट' हा शब्द आपण कित्येक वर्षे सहज वापरत आलो आहोत. नोकरी-शिक्षणासाठी शहरात आलेल्या मुलामुलींना अनेक कुटुंबांनी असे ठेवून घेतले आणि त्यावर स्वतःच्या घरखर्चालाही हातभार लावला. या शब्दाचे दोन भाग एकमेकांना विरुद्ध दिशेला ओढतात. पैसे देणारा तो गिऱ्हाईक. आणि पाहुण्याकडून पैसे घ्यायला तर आपला हात धजत नाही. तरीही हे दोन्ही शब्द एकत्र नांदले. ते कसे नांदले हे उमगले, तर वागावे कसे हे फारसे शिकवावे लागणार नाही.

व्यवहारात कमीपणा नाही

पाहुणचारात पैसा आला की पाहुणचार बाटला, असे काहींना वाटते. परंतु ही गोष्ट काही काल-परवा सुरू झालेली नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेतून कोकणातल्या कित्येक घरांनी आपल्या एक-दोन खोल्या पर्यटकांना दिल्या. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत १ ते ६ खोल्यांची मर्यादा आहे आणि घरमालकाने कुटुंबासह तिथे राहिले पाहिजे अशी अट आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००७ साली घरभाड्याची जुळवाजुळव होत नसलेल्या दोन तरुणांनी आपल्या जागेत हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवले. त्यातून २००८ साली एअरबीएनबी ही कंपनी उभी राहिली. म्हणजे मोठ्या कंपनीचे मूळही गरजेतच आहे. एकाला निवारा हवा होता, दुसऱ्याला भाडे भरायचे होते.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिली उपयोगापोटी होणारी, दुसरी आनंदापोटी होणारी आणि तिसरी सद्गुणांवर उभी राहणारी. यजमान आणि पाहुणा यांचे नाते त्याने पहिल्या प्रकारात घातले. वाचताना प्रथम थोडे वाईट वाटते. पाहुणचार म्हणजे केवळ उपयोग? परंतु विचार केला तर त्यात प्रामाणिकपणा दिसतो. उपयोग संपला की अशी मैत्री विरते हे त्याने सांगितले, पण तिला मैत्रीच्या यादीतून वगळले नाही. एकमेकांच्या गरजा भागवणे ही लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही.

प्रभू येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. जखमांवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस आपल्याला आठवतो. खाणावळीचा मालक मात्र सहसा आठवत नाही. शोमरोन्याने त्याला दोन दिनार दिले. त्या काळी एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर आणखी खर्च झाला तर परतताना देईन, असेही तो म्हणाला. मालकाने पैसे घेतले म्हणून दाखल्यात त्याला दोष दिलेला नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण निघून गेल्यावर हा माणूस जखमीकडे खरोखर पाहील, याची शोमरोन्याजवळ कसली हमी होती? आणि हा परका माणूस परत येऊन उरलेले पैसे देईल, याची मालकाजवळ तरी कसली हमी होती? दोन दिनारांनी हिशेब भागला. बाकी सारे भरवशावर चालले.

इथेच आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा धागा सापडतो. घरातल्या मुक्कामाला दोन बाजू असतात. एक हिशेबाची आणि दुसरी भरवशाची. पैसा पहिली बाजू पूर्णपणे फेडतो. दुसरी बाजू तो फेडू शकत नाही. हिशेबाच्या बाजूने आपण गिऱ्हाईक आहोत, म्हणून आपल्याला हक्क आहेत. भरवशाच्या बाजूने आपण पाहुणे आहोत, म्हणून आपल्यावर ऋण आहे. एक बाजू विसरली की आपण भोळे ठरतो, दुसरी विसरली की उद्धट.

बुकिंगपूर्वी: सत्य दोन्हीकडून

संत थॉमस अक्विनास यांनी खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना घोड्याचे उदाहरण दिले आहे. घोडा एका डोळ्याचा आहे हे गिऱ्हाइकाला उघड दिसत असेल आणि किंमतही त्या मानाने कमी घेतली असेल, तर विकणाऱ्याने ते मुद्दाम सांगितलेच पाहिजे असे नाही. परंतु वरून न दिसणारा आणि नुकसान करणारा दोष असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या खोलीलाही जसाच्या तसा लागू पडतो.

घर समुद्रापासून दूर असेल, तिसऱ्या मजल्यावर जायला लिफ्ट नसेल, बाथरूम सामाईक असेल किंवा एप्रिल-मे महिन्यात पाण्याचा टँकर मागवावा लागत असेल, तर ते सांगणे यजमानाचे कर्तव्य आहे. पण जे लिहिलेले आहे ते वाचणे हे आपले कर्तव्य आहे. म्हणून पहिल्यांदा बुकिंग करणाऱ्याने फोटोंवर भुलू नये. वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. संपूर्ण घर मिळणार आहे की घरातली एक खोली, हे नीट पाहावे. साफसफाईचा आकार, सेवाशुल्क आणि कर धरून एकूण रक्कम किती होते ते आधी तपासावे. बेत रद्द झाल्यास किती पैसे परत मिळतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पैसे भरण्यापूर्वी समजून घ्यावे. पूर्वीच्या पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना केवळ अतिस्तुती आणि अतिनिंदा पाहू नये. मधले अभिप्राय बहुधा अधिक उपयोगी पडतात. घरात वयस्कर आई-वडील असतील तर पायऱ्यांबद्दल, संडासाबद्दल, जवळच्या दवाखान्याबद्दल यजमानाला सरळ विचारावे. प्रश्न विचारण्यात संकोच कसला? उत्तर कसे येते यावरूनही माणसाची पारख होते.

पैसे ज्या ठिकाणी बुकिंग केले त्याच मार्गाने भरावेत. "इकडे नको, माझ्या खात्यावर परस्पर पाठवा, स्वस्तात देतो," असे कुणी म्हणाले तर सावध व्हावे. त्यात फसवणूक असू शकते. आणि नसली तरी मध्यस्थाची सेवा घेऊन त्याचा मेहनताना चुकवण्याचा तो प्रकार आहे. थेट फोनवरून ठरवलेल्या गावाकडच्या घराची गोष्ट वेगळी. तिथे मध्यस्थच नसतो. तरीही तारखा, माणसे आणि रक्कम यांचा एक साधा लेखी निरोप दोघांकडे असावा. ओळखपत्र मागितले तर राग मानू नये. आपल्या घरी कोण झोपणार आहे हे जाणून घेण्याचा यजमानाला अधिकार आहे, आणि पाहुणा परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. आधार कार्डाची प्रत देताना शेवटचे ४ अंकच दिसतील अशी प्रत काढता येते; ती द्यावी.

मात्र अक्विनास यांचा नियम एकतर्फी नाही. न दिसणारा दोष गिऱ्हाइकाच्या बाजूलाही असू शकतो. चार माणसे सांगून सात जण जाणे, "घरगुती सहल आहे" म्हणून रात्रभर पार्टी करणे, कुत्रा बरोबर आहे हे दारात पोचल्यावर सांगणे, संध्याकाळी सातची वेळ देऊन मध्यरात्री उगवणे, ही आपल्या बाजूची लपवलेली खोट आहे. 'सांगितले असते तर त्यांनी नकार दिला असता' असे समर्थन आपण करतो. पण त्यातच आपला अपराध सिद्ध होतो. ज्याला नाही म्हणण्याचा हक्क होता त्याला आपण तो वापरू दिला नाही.

उंबरठ्याच्या आत

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधात एक सूक्ष्म भेद केला आहे. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रूसारखे वागवले जाऊ नये, हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून राहणे हा कुणाचाही उपजत हक्क नाही. त्यासाठी काही काळापुरते परक्याला घरातले करून घेणारा खास करार लागतो. आपले बुकिंग म्हणजे असाच करार होय. करार म्हटला की मर्यादा आलीच. आपल्याला खोली मिळाली आहे, कपाट मिळालेले नाही. न्याहारी मिळाली आहे, घरच्या बाईची रात्रीची झोप मिळालेली नाही.

"आम्ही पैसे मोजलेत," हे वाक्य अशा मुक्कामात वारंवार ऐकू येते. हॉटेलात नोकर पाळीवर असतो. त्याची पाळी संपते, दुसरा येतो. घरात पाळी बदलत नाही. सकाळी पोहे देणारी, दुपारी सोलकढी करणारी आणि रात्री अंथरुणे घालणारी बहुधा एकच बाई असते. तिची मुले शाळेत जात असतात, सासू आजारी असते, खोलीला चढवलेल्या नव्या पत्र्याचे कर्ज फिटायचे असते. म्हणून जेवायला किती जण आहोत हे आदल्या दिवशी सांगावे. मासळी बाजारातून आणावी लागते. रात्री नऊ वाजता पापलेटाची फर्माईश करणे म्हणजे यजमानाला 'नाही' म्हणण्याचा अवघड प्रसंग आणणे. जेवणाला उशीर होणार असेल तर फोन करावा. पाणी, वीज, पंखा, गीझर हे सारे आपल्या घरचे असल्यासारखे काटकसरीने वापरावे. घरातल्या वेदीसमोर किंवा देव्हाऱ्यासमोर, प्रार्थनेच्या वेळी, अंगणातल्या वडीलधाऱ्यांसमोर आपला आवाज कसा असावा, हे काही नियमांच्या पाटीवर लिहिलेले नसते. ज्याचा दर ठरलेला नाही तेच सांभाळण्यात पाहुण्याची खरी परीक्षा असते.

तशीच मर्यादा यजमानालाही आहे. पाहुण्याची खोली तेवढ्या काळापुरती पाहुण्याची असते. न विचारता आत येणे, सामानाला हात लावणे, कुणासोबत आलात याच्या चौकशा करणे योग्य नव्हे. घराच्या आतल्या भागात कॅमेरे ठेवायला एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून जगभर बंदी घातली. बाहेरच्या कॅमेऱ्याची माहितीही पाहुण्याला आधी द्यावी लागते. नियम नसता तरी ही गोष्ट विवेकाला कळायला हवी होती. खोलीत शिरताच दाराची कडी, खिडक्या, गीझर आणि बाहेर पडण्याची वाट पाहून घ्यावी. आधीच मोडलेले काही दिसले तर फोटो काढून यजमानाला पाठवावा. भरवसा ठेवायचा म्हणजे डोळे मिटायचे असे नव्हे. विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या बहिणींनी मुक्कामाचा पत्ता घरी कळवून ठेवावा, आणि मनाला धोका जाणवला तर पैशाची पर्वा न करता बाहेर पडावे.

शेजारी: ज्याला काहीच मिळाले नाही

या व्यवहारात यजमानाला पैसे मिळतात, पाहुण्याला निवारा मिळतो. पण एक तिसरा माणूस असतो. त्याला काही मिळत नाही, तरीही किंमत मोजावी लागते. तो म्हणजे शेजारी. मध्यरात्रीचा गोंगाट त्याच्या भिंतीतून जातो. त्याच्या दारापुढे अनोळखी गाड्या उभ्या राहतात. सोसायटीच्या जिन्यात रोज नवे चेहरे दिसतात. न्यायाचा विचार करणाऱ्याने या तिसऱ्याला विसरता कामा नये.

मोठ्या शहरांत हा प्रश्न गंभीर झाला आहे. राहत्या घरांचेच पर्यटकांसाठी धंद्यात रूपांतर झाले तर तिथल्या माणसांनी राहायचे कुठे? न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी कडक नोंदणी लागू केली. तिथे यजमानाने स्वतः घरात हजर असावे लागते आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. स्पेनमधील बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील १०,१०१ पर्यटक-सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू ठेवले जाणार नाहीत. हे उपाय योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतात. परंतु त्यामागची वेदना आपण ओळखली पाहिजे. ज्या घरात कुटुंब राहते आणि एक खोली पाहुण्याला देते, तिथे पैसा घर टिकवायला मदत करतो. जिथे कुटुंबाला बाहेर काढून सारी इमारतच दर रात्रीच्या भावाने दिली जाते, तिथे पैसा घर संपवतो. निवड करताना आपल्यापुढे दोन्ही पर्याय असतील, तर घरमालक राहत असलेल्या आणि रीतसर नोंदणी असलेल्या घराला आपण प्राधान्य देऊ शकतो. आपल्या एका बुकिंगने शहराचा प्रश्न सुटणार नाही, हे खरे. पण आपला पैसा कशाला बळ देतो हे पाहण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

निरोप घेताना

निघताना अंथरुणाच्या घड्या घालाव्यात, भांडी वापरली असतील तर विसळून ठेवावीत, कचरा एका पिशवीत गोळा करावा. साफसफाईचे पैसे भरले असतील तर फरशी पुसण्याची गरज नाही. पण घाणीचे ढीग मागे ठेवण्याचीही परवानगी मिळालेली नाही. कपबशी फुटली, चादरीवर डाग पडला, तर आपणहून सांगावे आणि भरपाई विचारावी. खुर्चीमागे तुकडे सरकवून निघून जाणारा माणूस आपल्या मुलांना काय शिकवतो?

शेवटी अभिप्राय लिहिण्याची वेळ येते. एअरबीएनबीवर मुक्काम संपल्यापासून १४ दिवसांत दोघांनीही एकमेकांविषयी लिहायचे असते, आणि दोघांचे लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत कुणाचेच दुसऱ्याला दिसत नाही. भीती किंवा भीड आड येऊ नये यासाठी ही तजवीज आहे. पण विवेकाचा प्रश्न उरतोच. खोली कुबट होती, पण माणसे प्रेमळ होती. काय लिहावे? दयेपोटी खोटे लिहिले तर पुढचा पाहुणा फसतो. रागाच्या भरात सारे खरे लिहिले तरी एखाद्या कुटुंबाची हंगामाची कमाई बुडू शकते.

सत्य आणि प्रेम यांपैकी एकाची निवड करायची आहे असे आपण उगाच मानतो. त्यांचा क्रम लावायचा आहे. दोष असेल तर तो आधी यजमानाला, शक्यतो मुक्कामातच आणि समोरासमोर सांगावा. त्याला सुधारण्याची संधी मिळते. त्याने दुरुस्ती केली तर तेही लिहावे. केली नाही तर जे पाहिले तेवढेच लिहावे. हेतूंवर आरोप करू नयेत, माणसाच्या जाती-धर्मावर, शिक्षणावर, इंग्रजीवर शेरे मारू नयेत. "पैसे कमी करा, नाहीतर एकच तारा देईन," असे म्हणणे म्हणजे तर सरळ खंडणी मागणे आहे. त्याचप्रमाणे आपल्याविषयी यजमानाने काही खरे लिहिले तर तेही शांतपणे वाचायला हवे.

लॅटिन भाषेत 'होस्पेस' या एकाच शब्दाचे यजमान आणि पाहुणा असे दोन्ही अर्थ होतात. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल हे शब्द त्याच कुळातले. त्याला जवळचा दुसरा शब्द 'होस्तिस'. त्याचा मूळ अर्थ परका. पुढे तो शत्रू असा झाला. परका माणूस पाहुणा होतो की शत्रू, हे एका उंबरठ्यावर ठरते, आणि ते ठरवण्यात दोघांचाही वाटा असतो.

म्हणून गिऱ्हाईक की पाहुणा, या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असेच द्यावे लागेल. गिऱ्हाईक म्हणून आपला हिशेब यजमानाशी असतो आणि निघण्याच्या दिवशी तो मिटतो. पाहुणा म्हणून घेतलेला भरवसा मात्र यजमानाला परत करता येत नाही, कारण त्याची आपली पुन्हा गाठ पडेलच असे नाही. तो आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी ठेवून जायचा असतो. एका कुटुंबाने घर घाण करून, खोटे बोलून, शेजाऱ्यांना छळून निरोप घेतला, तर पुढच्या कुटुंबाकडे यजमानीण संशयाने पाहते, अनामत रक्कम वाढते, दाराला आणखी एक कुलूप लागते. एका कुटुंबाने नीट वागून निरोप घेतला, तर पुढच्या अनोळखी माणसासाठी ते दार थोडे सहज उघडते. या सुट्टीत बुकिंग करताना किती रात्री, किती माणसे आणि किती पैसे हे आपण विचारूच. आपल्या नंतर त्या दारात जो उभा राहील त्याचे स्वागत कसे व्हावे, हेही आपणच ठरवणार आहोत.